दोन डाव्या बाह्या

बायको पिशवी घेऊन भाजी आणायला बाहेर पडली, तशी मास्तरांनी चादर भिरकावली आणि मागच्या खोलीतून थेट बंद दुकानात येऊन कात्री उचलली.

दुकानाच्या पायरीवरून पडून डोकं आपटल्यापासून शिवणकामाच्या आसपास फिरकायचीही डॉक्टरांनी बंदी घातली होती. टीव्ही नाही, मोबाइल नाही. मेंदूला हादरा बसलाय म्हणे! डोळे मिटून शांत बसा, श्वास येतो-जातो तेवढा बघा. आता श्वास काय बघायचा? तो आपला जन्मल्यापासून येतोय-जातोय, त्याला राखणदार कशाला? बसलं की हात शिवशिवायचे, पाय वळवळायचे आणि मनात नको नको ते यायचं. संध्याकाळी तपासणीला गेलं की डॉक्टरांना ‘काही त्रास नाही’ म्हणायचं आणि उद्या दुकान उघडायचं, हे मास्तरांनी पक्कं केलं होतं.

गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड त्यांनी टेबलावर पसरलं. साचा ठेवून खडू फिरवला. कात्री करकर चालू लागली, तसा जीव सुखावला. कानशिलात ठणका होता; त्याच्याकडे त्यांनी काणाडोळा केला. एक बाही कापली, मग दुसरी. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या.

दुसरी आखताना साचा उलटायचा राहिला होता. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

याच चुकीवरून ते शिकाऊ पोरांना फैलावर घ्यायचे. “गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का रे?” म्हणून सगळ्यांसमोर हसायचे.

बायको परतली तेव्हा ते तसेच उभे होते. इतकी वर्षं ती दुकानात काजं-बटणं करत आलेली. तिला एका नजरेत कळलं.

“गिऱ्हाइकाला सांगू, माझ्या हातून कापलं गेलं,” ती म्हणाली. “तुमचं नाव कशाला?”

“तू का म्हणून?” मास्तर खेकसले आणि मग मटकन स्टुलावर बसले. “खडूची रेघ दोन-दोन दिसते. पडल्यापासून.”

“आणि मला रोज सांगता, बरं वाटतंय!”

“डोळे मिटले की तेच येतं गं मनात. कायमचं असंच राहिलं तर? श्वास कुठला बघतोय मी!”

तिने पिशवी खाली ठेवली. टेबलाच्या कडेला टेकली.

“मलाही तेच येतं,” ती म्हणाली. “आत्ता भाजी निवडताना दोनदा रडू आलं.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस आपण एकटेच घाबरलोय, असं ते धरून चालले होते.

“संध्याकाळी बाहेर थांबू नको,” ते म्हणाले. “डॉक्टरांच्या खोलीत माझ्याबरोबर ये. एकट्याला मला खरं बोलवणार नाही.”