खालची फणी

आबा सावद्याहून सकाळच्या एस.टी.नं आले ते कडक इस्त्रीचं धोतर नेसून, जणू कॉम्प्युटरच त्यांना बघायला येणार होता. पोरीनं डी.एड. करून शाळेत चिकटावं ही त्यांची इच्छा. मी मात्र जळगावच्या मेहरूण भागात एका खोलीत वेबपेजं करून द्यायला बसले. १९९९ साली तिथं हे कशाशी खातात ते कुणाला ठाऊक नव्हतं. पहिलं पान मी आबांच्याच केळीचं केलं होतं. त्यांनी एकदा 'बरं आहे' म्हणावं, एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

घडाचा फोटो लांबलचक. अख्खा टाकला तर पत्ता आणि फोन पार तळाला जाई. म्हणून सीएसएसनं, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडनं, मी त्याला ठरावीक उंचीची चौकट घातली. उरलेला घड आतच राहतो आणि कडेची पट्टी ओढली की सरकत दिसतो. किनार केळफुलाच्या रंगाची, तळाशी बारीक अक्षरांत माझं नाव. मला तर त्याची दृष्ट काढावीशी वाटत होती.

आबा बघत राहिले. "खालची फनी कुठी हाये व?"

"आत आहे. ही पट्टी ओढली की दिसते."

"अन् गिऱ्हाइकानं नही ओढली तं?"

वरच्या फण्या सगळ्यांच्याच भरदार असतात. घडाचा कस लागतो तो खालच्या फणीत. व्यापारी वाकून आधी तीच बघतो. आबा तर कुणाला वाकूच देत नसत, स्वतःच घड उलटा धरून दाखवत.

"आपन माल झाकून इकत नही, माय," म्हणत त्यांनी टोपी घातली.

"बसा गुपचूप! चहा येतोय!" मी ओरडले. तोंड बापावरच गेलंय माझं. डोळे मात्र भरून आले होते. ते चक्क बसले.

चौकट मी मोडली नाही. फक्त एक ओळ वाढवली, पान उघडलं की घड तळाशी सरकलेला दिसावा म्हणून. आता पहिल्यांदा खालचीच फणी समोर येई, लहान पण भरलेली.

आबांनी माउस धरला. पट्टी वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर. चहा निवून गेला. 'बरं आहे' काही म्हणाले नाहीत.

दारात थांबले तेवढे. "उद्या तोतारामले धाडतो. त्याच्या बी केयीचं पान कर."

तोतारामभाऊ म्हणजे आमचा बांधशेजारी, वरच्या फण्या पुढे करण्यात पटाईत.

"पन त्याची बी खालचीच फनी पह्यले दाखवजो," आबा म्हणाले. "माह्या पोरीचं नाव राहीन त्याच्यावर."