बारा दिवस

"दाखल्यावर अठ्ठावीस डिसेंबर आहे. मुलगी चौदाखालच्या गटात बसत नाही," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पालकाला हात केला.

सुबोध जागचा हलला नाही. पार्ल्याच्या त्या मैदानात त्याची प्रांजल केस घट्ट बांधून, दोरीच्या मल्लखांबाची जिल्हा निवड चाचणी द्यायला तयार उभी होती.

"साहेब, क्लबच्या यादीत नऊ जानेवारी आहे ना!"

"ती तुम्ही तोंडी सांगितलेली. आम्ही दाखला बघतो. एक जानेवारीच्या आधीचा जन्म चालत नाही."

घोळ झाला होता खरा, आणि तो घालणारा टेबलासमोरच उभा होता! पोरगी जन्मली नऊ जानेवारीलाच, त्याच्या बायकोच्या, प्रेमाच्या, माहेरी, देवगडकडे. पण शाळेला एकतीस डिसेंबरची अट. नऊ दिवसांपायी पोरीचं अख्खं वर्ष फुकट जाईल म्हणून, ती पाळण्यात असतानाच, या शहाण्यानं ग्रामपंचायतीत ओळख काढून तारीख मागे नेली. सासऱ्यांनी तेव्हा पाठ थोपटली होती, "जावय भारी हुशार हा!"

वाढदिवस मात्र घरात नऊ जानेवारीलाच व्हायचा. क्लबमध्ये पेढे त्याच दिवशी वाटायचे. क्लबच्या वहीसाठी सुबोधनं तीच तारीख सांगितली, आणि कागदाचं पार विसरून गेला. सहा वर्षं तो घाटकोपरहून तिला सरावाला आणत होता. त्यासाठी ऑफिसात कायमची सकाळची पाळी मागून घेतली, बढतीवर पाणी सोडलं. दोरीनं तिच्या पायाची बोटं सोलवटली की हळद-खोबरेल तोच लावायचा.

"साहेब, खरं सांगतो. नऊच खरी. कागदावरची मी घालून घेतली."

गृहस्थांनी कोरा कागद पुढे सरकवला. "दाखला खोटा आहे असं सहीनिशी लिहून द्या. मग वर विचारतो."

सुबोधनं पेन उचललंसुद्धा. प्रांजलच्या प्रशिक्षक शर्मिष्ठा मॅडम धावत आल्या.

"अहो, वेड लागलंय का? शाळा, आधार, सगळीकडे तीच तारीख आहे. उद्या दहावीच्या फॉर्मला पोरीची वाट लागेल!"

"मग सतराखालच्या गटात तरी घ्या," सुबोध पुन्हा गृहस्थांकडे वळला.

"ती निवड गेल्या रविवारी झाली हो."

त्यानं पेन खाली ठेवलं. आता पोरीला सांगायचं कुठल्या तोंडानं? पण सांगावं लागलंच. प्रांजलनं सगळं ऐकून घेतलं.

"तू केलंस, पप्पा?"

"तुझं वर्ष वाचावं म्हणून गं."

"कुठलं वर्ष?"

सुबोधनं तिच्या डोक्यावर हात ठेवायला नेला, तशी ती बाजूला सरकली.

"तू जा ना. मी शुभाबरोबर येईन घरी."

सहा वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच जा म्हणाली होती. तो फाटकाबाहेर आला. कुंपणाला धरून तो तिथेच थांबला.

आत शुभाचं नाव पुकारलं. शुभा प्रांजलच्याच क्लबमधली, तिच्यानंतर दोन वर्षांनी शिकायला लागलेली. ती दोरीवर चढली, आणि प्रांजल खाली मॅटच्या कडेला बसून घसा फाटेस्तोवर ओरडू लागली,

"घाई नको, शुभा! मान वर! येतंय तुला, येतंय!"