मंगळाची कणीक

मनीषनगरच्या समाजभवनात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर सहा वर्षांची वेदिका उभी होती. डोळ्यांवर काळ्या मखमलीची पट्टी, हनुवटी वर उचललेली, हातात पोटाशी धरलेला कागदी गोल.

"बोल बेटी, कौनसा ग्रह? अंतराळात काय दिसतंय तुला?" खगोलानंद गुरुजी माइकमध्ये घुमले.

"लाल... मंगळ!"

टाळ्यांनी छत हललं. पहिल्या रांगेतल्या यमुताईंनी कानशिलावर बोटं मोडली. "माय वं! डोळे बंद, अन् पोरगी मंगळावर!"

"ही कॉस्मिक किरणांची किमया!" गुरुजींनी शाल सावरली. "तिसरा डोळा उघडला की या दोन डोळ्यांचं काम काय? शाळा सांगते मंगळ लाल आहे. आम्ही लेकराला मंगळावर नेऊन आणतो!"

मंगळावर नेऊन आणणारे हे गुरुजी स्वतः मात्र वर्धा रोडच्या गर्दीत अडकून तासभर उशिरा आले होते.

मागच्या रांगेत दीप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. दीप्ती बालवाडी चालवायची, आणि वेदिका तिथलीच. तिथेही रोज अंतराळ उतरायचं, पण पट्टीशिवाय. मुलं बिटाच्या रसात कणीक मळून मंगळ करायची, हळदीत मळून गुरू. मग अंगणात गोल धरून, भुलाबाईच्या गाण्यांच्या चालीवर फिरायची:

सूर्यबाप्पा बसले गं ओसरी,
धरती घाले अंगणी गं फेरी,
चांदोबानं धरला तिचा पदर,
शनीच्या कमरेला कडं गं सुंदर!

ते कडं म्हणजे सायकलचं जुनं टायर, आणि शनी कायम वेदिका. दुसऱ्या कुणाला ती टायर देतच नसे.

महिन्याभरापूर्वी तिची आई देवकी बालवाडीत आली होती. पोरीचा चष्मा तिनं देव्हाऱ्यात ठेवून दिला होता. "गुरुजी म्हणते, काचेनं तिसरा डोळा दबते. अन् ते डॉक्टरची पट्टीबी सोडली आम्ही."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वेदिकाचा डावा डोळा आळशी झालाय. चष्मा लावायचा, उजवा चांगला डोळा रोज काही वेळ झाकायचा, म्हणजे डावा कामाला लागेल. आत्ता, लहान वयात. उशीर केला तर ती नजर परत येणं कठीण.

आज ती उचललेली हनुवटी बघताना दीप्तीला एकदम उमगलं. ही मान तिच्या ओळखीची होती! चांगल्या डोळ्यावर पट्टी असली की वेदिका बालवाडीत अशीच मान वर करायची आणि नाकाशेजारच्या फटीतून खाली बघायची. "वेदू, चोरी नाही हं," असं दीप्ती किती वेळा म्हणाली असेल. गुरुजींनी सगळ्या पोरांतून हीच का निवडली, ते आता कळलं. मुलीला आधीच सवय होती.

ती तडक मंचावर चढली.

"या, या!" गुरुजी हसले. "प्रत्येक सभेला एक शंकासुर लागतोच."

"पट्टी तुमचीच राहू द्या," दीप्तीनं पिशवीतून डबा काढला. "फक्त नाकाशेजारच्या फटी बुजवतो. ही कणीक. सकाळी लेकरांनी केलेला मंगळ आहे. किरण भिंतीतून जाते म्हणता, मग कणकेतून जाईलच ना?"

"कणीक अन्न आहे! अन्नानं किरणं बाटतात!"

"काहून जी?" यमुताई खालून म्हणाल्या. "दुपारी माझ्या घरी पोळ्या चापल्या, तव्हा नाही बाटले किरणं?"

हशा पिकला. देवकी मात्र धावत मंचाशी आली. "मॅडम, माझ्या पोरीचं नशीब काहून हिसकून राहिल्या तुम्ही?"

"देवकीताई, खरं निघालं त मीच यांच्या पाया पडतो. पण तिचा डोळा चालला ना वं!"

दीप्ती गुडघ्यावर बसली. "वेदू, लावू का?"

वेदिकानं तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि होकारार्थी मान डोलावली. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल कणकेच्या वळ्या बसल्या. दीप्तीनं दुसरा कागदी गोल तिच्या हातात दिला.

"ध्यान लाव, बेटी," गुरुजी गुरकावले. "शनी बघतोय!"

पोरीनं मान वर केली, आणखी वर केली. "काहीच दिसून नाही राहिलं." आणि ती हंबरडा फोडून रडली, "आई, आता शनी तुले नेईल का वं?"

"कोण म्हणालं असं?" देवकीचा आवाज चिरकला.

"गुरुजी. नाकाच्या फटीतून पाह्य म्हणे. कोणाले सांगितलं त शनी आईले नेते म्हणे."

"नकारात्मक ऊर्जा..." गुरुजी पुटपुटले. दीप्तीनं ती पट्टी सोडली, स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि मान वर केली. "सांगतो तिसऱ्या डोळ्यानं. गुरुजींच्या पायात निळे मोजे आहेत, अन् एका अंगठ्याशी भोक!"

सगळ्यांनी वाकून पाहिलं. भोक होतं.

"घरी आंधळी कोशिंबीर खेळणारं कोणतंबी लेकरू हे करते," पट्टी काढत दीप्ती म्हणाली. "खेळात त्याले लबाडी म्हणते, अन् इथं तुम्ही हात जोडून राहिले! पट्टी बांधली त आधी फट पाहा. कोणी लेकराचं औषध सोडा म्हणलं, त डॉक्टरले विचारा. अन् लेकराले ग्रहाचं भेव घालणाऱ्याले दारात उभं करू नका."

गुरुजी मागच्या दारानं निघू पाहत होते. यमुताई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "थांबा जी. मंगळावरून परत येता, त पोलीस येतवर थांबा."

देवकी मंचाच्या पायरीवर बसून पोरीच्या नाकावरची कणीक काढत होती.

"वेदू," दीप्तीनं विचारलं, "आपल्या खेळात शनी कोण असते?"

"मी."

"मग तू नेतं का कोणाच्या आईले?"

वेदिकानं हुंदका गिळून विचार केला. "नाही. मले टायर सांभाळा लागते ना."

दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या अंगणात शनी आला. नाकावर चष्मा, उजव्या डोळ्यावर कडेनं नीट चिकटवलेली पट्टी, कमरेला टायर.

"मॅडम, सूर्य पुसट दिसून राहिला," ओसरीवर सूर्य होऊन बसलेल्या पोराकडे बघत शनी म्हणाला.

"दिसू दे. रोज पाहत राह्य."

शनीनं टायर सावरलं आणि हनुवटी खाली ठेवूनच फेरा सुरू केला.