मंगळावरचा निळा रंग

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात तस्नीम चौदा वर्षं फोटोंचे रंग सुधारायचं काम करत होती. वाळकं गवत हिरवंगार करणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. मॅनेजर सुभाषसर काम देणाऱ्या पार्टीसमोर तिचं नाव घेऊन भाव खायचे.

त्या गुरुवारी मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकाची फाइल तिच्यापुढे आली. त्रेचाळिसाव्या पानावर मंगळावरचा सूर्यास्त होता. खाली तांबूस माती, पण मावळत्या सूर्याभोवतीचं आकाश चक्क निळसर. तिला वाटलं, निळी शाई जास्त पडलीय. मंगळ लाल असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. प्रूफ पास झालं होतं, त्यावर पार्टीची सही होती. तरी तिने निळा उतरवला, लाल चढवला आणि कुणाला न सांगता फाइल छपाईची प्लेट काढायला पाठवली. सहाला ती घरी निघाली.

कोपरखैरण्याला पोचल्यावर ती कपाटाच्या फळ्यांवर कागद अंथरायला बसली. त्याच पुस्तकाची टाकाऊ प्रूफं तिने त्यासाठीच आणली होती. पसरता पसरता बेचाळिसावं पान हाताखाली आलं. तिने आजवर हजारो फोटो पाहिले होते, मजकूर मात्र क्वचितच वाचला होता. आज नजर अडकली. 'दिवसा मंगळाचं आकाश पिवळट तपकिरी दिसतं. संध्याकाळी मात्र सूर्याभोवती निळी प्रभा पसरते. हवेतल्या बारीक धुळीमुळे असं होतं. समोरच्या पानावरचं चित्र पाहा.'

तिने पुन्हा वाचलं. ती ताडकन उभी राहिली.

"काय गं, विंचू चावला काय?" नवरा रमीज चहाचा कप घेऊन दारात उभा होता.

"रमीज, मी खरं खोडून खोटं छापायला दिलंय."

मशिनमन जोतीरामला तिने तीनदा फोन लावला. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येणार कुठून? सरांचा फोन सतत बिझी लागत होता. तिने तांदूळ धुतले, मग विसरून पुन्हा धुतले. खिडकीशी गेली, परत आली. एकेका मिनिटाला किती कागद मशीनखालून जातात ते तिला माहीत होतं. शेवटी पर्स उचलून ती रिक्षात बसली. सिग्नलला रिक्षा थांबली की तिचे पाय आपोआप हलत होते.

जोतीराम तिला बघून चकित झाला. "ताई, सुट्टी झाली न्हवं तुमची?"

"मशीन थांबवा, जोतीरामभाऊ."

"सरांना इचारल्याबिगर?"

"आधी थांबवा. सरांना मी सांगते."

मशीन थांबलं तसे सुभाषसर केबिनमधून धावत आले. तस्नीमने घरून आणलेलं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, मग थप्पीवरचा लालभडक कागद उचलला.

"पास झालेलं प्रूफ तू बदललंस? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, सर."

"या फॉर्मचे अर्धे कागद छापून झालेत, तस्नीम! आणि लाल बघून कोण तक्रार करणार होतं?"

"समोरच्याच पानावर निळं लिहिलंय. पोरं दोन्ही पानं बघतील."

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. मग त्यांनी छापलेली थप्पी रद्दीत काढायला सांगितली. "जुनी फाइल उघड. नवी प्लेट काढ. आणि सकाळी मला सगळं लेखी पाहिजे."

तासाभराने पहिला कागद बाहेर आला. सूर्य लहान, फिकट. त्याच्याभोवती राखेत मिसळल्यासारखा निळा. तस्नीमने भिंगातून रंगाचे ठिपके तपासले आणि मान हलवली.

जोतीराम वाकून बघू लागला. "कसलं गारठल्यालं आभाळ वो हे! जीव रमायचा न्हाई असल्या ठिकाणी."

"नाहीच रमायचा," ती म्हणाली. पण तिची नजर त्या आकाशावरून हलेना.

सकाळी तिने लेखी दिलं आणि जाता जाता विचारलं, "सर, यापुढे फोटोंबरोबर मजकूरही पाठवाल मला?"

"वाचत बसलीस तर काम कधी करणार?"

"थोडा वेळ जास्त लागेल."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुपारच्या सुट्टीत तिने नमुन्याच्या पुस्तकांचं कपाट उघडलं. बर्फ, समुद्र, वाळवंट, पाखरं, सगळ्यांचे रंग तिच्याच हातचे. डबा तसाच ठेवून ती एकेक पुस्तक काढून फोटोंशेजारचा मजकूर वाचू लागली.