कागदाकडे न बघता

जयानं आईच्या हातातलं सूप पुन्हा एकदा काढून घेतलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. फुलाबाईंची बोटं लगेच लुगड्याच्या काठाशी चाळा करू लागली.

"दिवसाढवळ्या अशी रिकामी बसलेली बघून लोकं काय म्हणत्याल?"

"म्हणू दे. तू फकस्त माझ्याकडं बघ. हलू नगंस."

कासारसाईत भाताची कापणी ऐन भरात होती. अशा दिवसांत घरच्या बाईला ओसरीवर बसवून ठेवणं म्हणजे ओढ्याला थांब म्हणण्यातलाच प्रकार. पण जयाचाही नाइलाज होता.

पुण्याच्या चित्रकला कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली तेव्हा पोरीच्या डोक्यात नुसते रंग होते. हातात आली ती पेन्सिल. माठ, बादली, चुरगळलेली चादर, प्लास्टरचे कान आणि पावलं. दिवाळी आली तरी हेच चाललेलं. गावात जिच्या रांगोळीभोवती आयाबायांची गर्दी व्हायची, तिच्या माठाकडं बघून खांबेटे सर नुसती मान हलवायचे. म्हणायचे, हा तुझ्या डोक्यातला माठ आहे, समोरचा कुठाय? जयाला प्रश्नच कळत नसे. माठ तो माठ. सुट्टीला निघताना सरांनी सांगितलं, एक जिवंत माणूस समोर बसव आणि कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता काढून आण. तेही डोक्यातलंच निघालं तर हा मार्ग तुझा नव्हे. वडील तर पोरीला मास्तरीण करायचं ठरवून वाटच बघत होते.

जयानं पेन्सिल टेकवली. आईचा चेहरा आपण झोपेतसुद्धा काढू, अशी तिची खात्री होती. नजर कपाळावरून हळूहळू खाली सरकू लागली आणि ती खात्री कुठल्या कुठं गेली. डोक्यावर भारे वाहून वाहून केसांची रेघ मागं सरली होती. एक भुवई मधेच तुटलेली होती. हनुवटीवरचं गोंदण विटून हिरवट झालं होतं, आणि खालचा ओठ आपल्याशीच काही बोलत असल्यासारखा हलत होता. हे सगळं रोज इथंच होतं. या बाईच्या हातचं खाऊन आपण वाढलो आणि हिला कधी पाहिलंच नाही, हे जयाच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. कागदाकडं बघायची ओढ केव्हा संपली, तेही तिला कळलं नाही. फुलाबाईंची बोटंही आता थांबली होती.

पेन्सिल कानापाशी येऊन थांबली तेव्हा जयानं खाली पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. एक डोळा वर, एक खाली. कान मानेवर घसरलेला. झालं, संपलं कॉलेज.

फुलाबाईंनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि तो ओसरीवर ठेवून त्या आत गेल्या. परतल्या त्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन. पोरीला समोर बसवून त्यांनी तिच्यावरून मूठ उतरवायला सुरुवात केली.

"माझी कशाला काढतीस, आये? मी तुझ्याकडं बघत हुते."

"आन मी काय डोळं मिटून बसली हुती?" फुलाबाईंचा आवाज खाली आला. "पाळण्यात हुतीस तवा बघितलं हुतं तुला एवढं. आईचीच दिष्ट आधी लागती, बाय."

मूठ आता चुलीकडं जायची, पण फुलाबाई वाकल्या. त्यांनी ती ओसरीवरच्या कागदावरूनही, अगदी माणसावरून ओवाळावी तशी, सावकाश उतरवली.

"हिलाबी लागंल," त्या म्हणाल्या.

जया त्यांच्या मागोमाग आत गेली. दृष्ट लागली नसेल तर मिरच्यांच्या धुरानं घरभर ठसका उठतो, आणि खरोखरच लागली असेल तर कुणाला काहीच होत नाही, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. फुलाबाईंनी मूठ चुलीत रिकामी केली. मिरच्या तडतडल्या, धूर आढ्यापर्यंत गेला. मायलेकी चुलीपुढं शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि दोघींपैकी कुणीच खोकलं नाही.