सत्कारमूर्ती उभे

सरकारची अब्रू साहेबाच्या खुर्चीत नसते. ती दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाच्या छातीवरच्या तिरक्या लाल पट्ट्यात असते, असं कवडूचं ठाम मत होतं. ही अब्रू सांभाळता सांभाळता त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा गाठाळल्या होत्या, कारण अंगावर पट्टा असताना साहेबासमोर बसायचं नाही, असा रिवाज होता.

आज मात्र तो बसणार होता. बहात्तर सालच्या एप्रिलअखेरीस, सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत, त्याचा निरोप समारंभ होता आणि साहेबांशेजारी त्याची खुर्ची मांडली होती. महिनाभर तो बायकोला तेच सांगत आला होता. रंभाबाई महाल भागातल्या घरून सायकलरिक्षाने आली, पहिल्या रांगेत बसली आणि त्या खुर्चीकडे पाहत राहिली.

"बस गा कवडू," हेडक्लार्क मधुकरराव म्हणाले आणि लगेच चपापले. "अरे, पट्टा?"

"काढू का जी?"

"काढतं कसा? समारंभ चारचा, तू रिटायर पाचले. ड्यूटीवर बिनपट्ट्याचा शिपाई म्हणजे काय?"

"गैरहजर जी." नव्या शिपायांना हे कवडूनेच शिकवलं होतं.

"मंग?"

"मंग समारंभच पाचले घ्या नं जी."

"पाचले साहेब क्लबात जातेत."

साहेब आले. "बसा, बसा," म्हणाले. सगळे बसले. कवडू खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. हार घातला तर पट्टा झाकला जाईल, म्हणून हार खुर्चीच्या पाठीला घालण्यात आला.

राहता राहिलं रिबिनीचं गुलाबी फूल. सत्कारमूर्तीला ते छातीवर डावीकडे लावतात. कवडूच्या डाव्या छातीवरून पट्टा गेला होता. साहेब टाचणी उघडून थांबले.

"पट्ट्याले टोचता नाही येत, सर," मधुकरराव कुजबुजले. "सरकारी माल आहे."

"मग उजवीकडे?"

"उजवीकडे स्वयंसेवकाले लावतेत, सर."

साहेबांनी थोडा विचार करून फूल कवडूच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी हातात दिलेली वस्तू पुढे पोचवायची असते, या सवयीने कवडूने ते नेऊन मधुकररावांना दिलं.

"अहो, बसा नं जी!" पहिल्या रांगेतून रंभाबाई बोलली. "काहून उभे आहा? पाय सुजतेत तुमचे."

"चूप वं," कवडू ओठांतल्या ओठांत म्हणाला. "ड्यूटी हाय."

मग भाषणं झाली. कवडूला कचेरीत कधी कोणी बसलेलं पाहिलं नाही, याचा प्रत्येकाने गौरवाने उल्लेख केला.

पाचला साहेबांची मोटार निघाली. कवडूने सलाम ठोकला आणि पट्टा काढून जमा केला. मधुकररावांनी उलटसुलट पाहून तो कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

फाटकापाशी रंभाबाई थांबली. तिने नवऱ्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकं बोट फिरवलं.

"हे काय जी?"

कवडूने मान खाली घालून पाहिलं. पश्चिमेच्या व्हरांड्यात वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून त्याचा कोट सगळीकडून विटला होता. पट्ट्याखालचा तेवढा विटायचा राहिला होता.