ढेपेच्या पोत्यातलं हेल्मेट

“बाबा, तुमी पहिले रानटी होते काय?”

मित्रांनो, हर्षाला हा प्रश्न विचारायला लावला तिच्या मैत्रिणींनी, पैज लावून. खुशी आणि आरती गोठ्याच्या दाराशी फिदीफिदी हसत होत्या. माझ्या कपाळावर रंगवलेला ‘रफनेक’ हा शब्द त्यांनी मोबाइलवर शोधला होता. अर्थ निघाला, आडदांड, रानटी माणूस.

आणि हर्षाचे बाबा, खुशालराव, काय म्हणाले? “भंगारातून आणलं ते. म्हशीले सरकीची ढेप घालाले.”

भंगार? मी?

मी एक जुनं पिवळं हेल्मेट आहे. गुजरातेतल्या तेलविहिरीवर नऊ वर्षं याच माणसाचं डोकं सांभाळलं मी! जमिनीत पाइप उतरवायचे, मोठ्या चिमट्यांनी आवळायचे, चिखलानं डोळे भरायचे. एकदा वरून बोल्ट सुटला, तो मी झेलला. खाच अजून आहे. त्याच दिवशी आमच्या टोळीच्या धर्मपालनं हा शब्द माझ्यावर रंगवला. म्हणाला, “ही अमेरिकेतली शिवी होती, खुशाल. आधी आडदांड गड्याले देत, मंग जत्रेत तंबू ठोकणाऱ्याईले, मंग आपल्यासारख्या तेलविहिरीवरल्या मजुराईले. त्याईनं ती मिरवली, अन् शिवीचा हुद्दा झाला.” तेव्हा खुशालराव किती हसले होते!

चांदूर रेल्वेला परतल्यावर मात्र ते गावाला सांगत सुटले, “मी तिकडं सायब होतो.” शनिवारी शाळेत पालक आपापलं काम सांगणार आहेत. यादीत यांच्यापुढे लिहिलंय, ‘तेल कंपनीतले माजी अधिकारी’. ढेपेच्या वासाचा मला राग नाही हो. मला भंगार म्हणून ती नऊ वर्षं लपवली, त्याचा आहे!

मैत्रिणी गेल्यावर हर्षानं मला घासून धुतलं आणि आत बघितलं.

“बाबा, भंगारातल्या टोपीत तुमचं नाव कसं काय?”

खुशालरावांनी मला हातात घेतलं. मग हळूहळू सगळं बोलले, धर्मपालचंही. शेवटी म्हणाले, “लोकं हासतील, बेटा.”

मित्रांनो, राबून जुन्या झालेल्या वस्तूत खुशाल ढेप भरा. पण ती कशासाठी राबली, हे घरातल्या लेकरांपासून लपवू नका.

हर्षानं मला डोक्यावर चढवलं. मी तिच्या कानांवरून घसरून थेट भुवयांवर बसलं. तशीच ती चुलीपाशी आईबाबांसमोर उभी राहिली.

“आई, बाबा, आइका. यादीतलं ‘अधिकारी’ मी उद्या बाईले खोडाले लावणार. शनिवारी बाबा आले तं बरंच. नाई आले, तं हे घालून त्याईचं काम मीच सांगणार आहो.”